पाच सरोवरं आणि एक करंगळी

गेल्या आठवड्यात इक्बालभाईंची धाकटी, सना, जगाचा कोरा नकाशा मागायला आमच्याकडे आली. यंदा बारावीची परीक्षा आणि रमजान एकत्र आले आहेत. झेरॉक्सचं दुकान दुपारी बंद असतं, आणि आमच्या कपाटात कोऱ्या नकाशांचा गठ्ठा पडून आहे हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. माझी बायको मीना सवयीने चहा टाकायला उठली आणि अर्ध्या वाटेतून जीभ चावत परत आली. सनाने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, उत्तर अमेरिकेतली पाच मोठी सरोवरं निळ्या पेन्सिलीने रंगवली आणि मला म्हणाली, "अंकल, ये पूरा इतनाही है ना?"

असं म्हणून तिने त्यांच्यावर करंगळी टेकवली. सुपिरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी, ओंटारिओ. पाचही तिच्या नखाखाली गेली.

तीन वर्षांपूर्वी याच टेबलावर असंच झालं होतं. तेव्हा करंगळी माझी होती.

इथे सौदीत, दम्माममध्ये, ऋतू फार नाहीत. उन्हाळा आणि उन्हाळा नसलेले चार महिने, असा माझा हिशेब आहे. पण शाळेत जाणारं मूल घरात असलं की फेब्रुवारी-मार्चचा एक वेगळा ऋतू होतो. थंडी सरत आलेली असते. उत्तरेचा वारा दोन-दोन दिवस धूळ आणून टाकतो आणि खिडकीच्या फटीत कोंबलेले ओले टॉवेल संध्याकाळी विटकरी होतात. हुफूफकडून येणारे सहकारी खजुराच्या झाडांवर परागण चालू झाल्याचं सांगतात. बंद ठेवलेला एसी पहिल्यांदा लावला की त्याला जुन्या गोणपाटासारखा वास येतो. आणि इमारतीच्या जिन्यावर, चढता-उतरताना, बंद दारांमागून पाठांतराचा आवाज येत राहतो. तिसऱ्या मजल्यावर रसायनशास्त्र, दुसऱ्यावर अकाउंट्स, आमच्याकडे भूगोल.

माझी मुलगी सई त्या वर्षी बारावीला होती.

इथल्या आपल्या घरांत बारावी म्हणजे फक्त परीक्षा नसते. मूल इथून जाणार हे ठरलेलंच असतं. आपण इकाम्यावर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, राहणारी माणसं, आपली मुलं बारावीपर्यंत इथली आणि पुढे कुठली तरी. मग प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला जातो. कॉलेज कसं आहे, हा नाही. "तिथे आपलं कोण आहे?" हा. पुण्यात मावशी आहे, मग पुणे. मंगळूरला चुलता आहे, मग मंगळूर. आपलं माणूस तासाभराच्या अंतरावर असलं की आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात. मुलगी असेल तर हा तास आणखी कडक होतो.

सईला पाण्याचा अभ्यास करायचा होता. हे माझ्यामुळेच. मी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांचं काम बघतो. दाब, प्रवाह, क्षार, तापमान. यंत्र खोटं बोलतं आहे की खरं, हे तपासणं हीच माझी नोकरी. घरीही मी तसाच आहे. टाकीत पाणी किती, गॅस किती दिवस जाईल, विमानतळाला किती मिनिटं लागतील, सगळं मोजलेलं. "बाबांनी मोजलंय" म्हटलं की आमच्या घरात वाद संपतो.

सईला थंडर बे नावाच्या गावातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. गाव कॅनडातलं, सुपिरियर सरोवराच्या काठावरचं. माझी धाकटी बहीण वंदना तेव्हा वर्षभरापूर्वीच टोरोंटोला गेलेली. मी पाहिलं : प्रांत एकच, ओंटारिओ. घड्याळ एकच, दोन्हीकडे आपल्यापेक्षा आठ तास मागे. टोरोंटो सरोवराच्या काठावर, थंडर बेही सरोवराच्या काठावर. वंदना फोनवर म्हणाली, "दादा, काळजी करू नकोस रे. आमच्याच प्रांतात आहे म्हणजे शनिवार-रविवारी घेऊन येत जाईन तिला घरी." मी सईच्या जगाच्या नकाशावर करंगळी ठेवली आणि मीनाला म्हणालो, "हे बघ, एवढंच."

त्या शुक्रवारी ओळखीच्या चार घरांत मी सांगूनही टाकलं, की आत्याच्या शेजारीच आहे.

आता वाटतं, माझ्या डोक्यातलं तळंच लहान होतं. मी नाशिकचा. तळं म्हणजे गंगापूर धरणाचं पाणी, पावसाळ्यानंतर कितीही पसरलं तरी पलीकडची टेकडी दिसतेच. इथे आल्यावर तळं म्हणजे हुफूफच्या पुढचं, वाळूच्या टेकड्यांत साठलेलं पाणी. शेतांतून निथळून तिथे जमतं. डबे घेऊन आम्ही जायचो, सई पलीकडच्या काठावरचे बगळे मोजायची. ज्याच्या पलीकडे बगळे मोजता येतात ते तळं. एकाच तळ्यांच्या रांगेत राहणाऱ्या दोन माणसांमध्ये अंतर ते किती असणार?

भूगोलाच्या पेपरच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, जेवण झाल्यावर सईने मला समोर बसवलं. ही आमची जुनी रीत. मी नाव उच्चारायचं, तिने नकाशात दाखवायचं. अंतर्गत जलमार्गाचा धडा होता. अटलांटिकवरून निघालेली बोट नदीतून आणि सरोवरांमधून खंडाच्या पोटात कशी शिरते, ते.

"शेवटचं बंदर?" मी विचारलं.

"थंडर बे, नाहीतर डलूथ. इथे." तिने पेन्सिल सुपिरियरच्या वरच्या डाव्या टोकाला टेकवली.

"टोरोंटो?"

पेन्सिल उचलली गेली. सुपिरियर ओलांडलं, ह्युरॉनवरून गेली, ईरीच्या बाजूने पुढे सरकली आणि पार उजवीकडे, शेवटच्या सरोवराच्या वरच्या काठावर टेकली.

या वेळी समोर जगाचा नकाशा नव्हता, वहीत फक्त उत्तर अमेरिका होती, पूर्ण पानभर. त्यावर माझी करंगळी पुरली नसती. तीन बोटंही जेमतेम पुरली असती.

"बरोबर ना, बाबा?"

"बरोबर," मी म्हणालो. मी उठलो. "पाणी पिऊन येतो."

स्वयंपाकघरात जाऊन फोनवर पाहिलं. रस्त्याने सुमारे चौदाशे किलोमीटर. गाडीने पंधरा-सोळा तास. मी पुन्हा पाहिलं. मला वाटलं, त्याच नावाचं दुसरं गाव असेल. तिसऱ्यांदा पाहिलं.

मीना भांडी विसळत होती. मी तिला फोन दाखवला. तिने हात पुसले, आकडा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही मोजलं नव्हतं?"

"नाही."

"नाशिकला दूधवाल्याकडून अर्धा लिटर घेतलं तरी माप बघता तुम्ही!"

"हळू बोल."

"मी तर तुमच्या भरवशावर हो म्हटलं हो." तिने नळ बंद केला. आतल्या खोलीतून सईचं पुटपुटणं ऐकू येत होतं : सुएझ, पनामा, ऱ्हाईन. मीना आणखी खाली आवाज आणून म्हणाली, "उद्या पेपर आहे. आज एक शब्द नाही. उद्या पेपर संपेपर्यंत तोंडाला कुलूप."

प्रवेशाचा होकार कळवायला दहा दिवस उरले होते.

वंदनाला फोन लावून आकडा सांगितला. ती म्हणाली, "काय सांगतोस दादा! मला वाटलं, तू मोजलंच असशील."

त्या दिवशी दोन बायकांनी मला हे एकच वाक्य ऐकवलं. अंतराचा धक्का एका बाजूला, याचा दुसऱ्या बाजूला. यंत्र बिघडलं तर दुसरं लावता येतं. पण ज्या यंत्रावर सगळं घर विसंबून आहे तेच चालू नव्हतं, आणि काटा मात्र झोकात एक आकडा दाखवत होता.

पेपर भारताच्याच वेळेवर सुरू होतो; तिथे साडेदहा वाजतात तेव्हा इथे आठ. दुसऱ्या दिवशी आठच्या आधी सईला शाळेच्या फाटकातून आत सोडलं आणि मी गाडीतच बसून राहिलो. बारावीच्या पेपरला तीन तास थांबणारे आईबाप हाही या ऋतूचाच एक भाग. कोणी जपमाळ ओढतं, कोणी सीट मागे टाकून झोपतं, कोणी दुसऱ्याच्या मुलाची तयारी किती झाली याचा अंदाज घेतं. मी घरून सईचा शालेय अ‍ॅटलास आणि सहा इंची पारदर्शक पट्टी आणली होती. फोनचा आकडा मला पटला नव्हता. हाताने मोजल्याशिवाय मला पटत नाही.

सरळ रेषेत नऊशेच्या पुढे. मग रस्ता, सरोवरांना वळसा घालत, तुकड्या-तुकड्याने. पट्टी थोडी सरकवायची, खूण करायची, पुन्हा सरकवायची. उत्तर तेच. चौदाशे. दम्मामहून निघून अख्खा देश आडवा कापत जेद्दाला पोचावं, म्हणजे एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे, तेव्हा एवढे किलोमीटर भरतात. तेही मधे आपल्या ओळखीचं एकही घर न लागता.

मग मी अ‍ॅटलासच्या मागचे तक्ते काढले आणि धक्क्यांवर धक्के बसत गेले. सुपिरियरचं क्षेत्रफळ ब्याऐंशी हजार चौरस किलोमीटर. मराठवाडा, आपला तहानलेला अख्खा मराठवाडा, त्यात बुडून वर जागा उरेल. पाणी बारा हजार घन किलोमीटर. हा आकडा मला गिळता येईना, म्हणून आपल्या मापात आणला. पावसाळ्यात आपली वर्तमानपत्रं धरणांचे टीएमसी छापतात, नाशिकला माझे वडील ते चहाबरोबर मोठ्याने वाचायचे. कोयना सुमारे एकशे पाच टीएमसी. हे एकटं सुपिरियर सव्वाचार लाखांच्या आसपास. म्हणजे काठोकाठ भरलेली चार हजार कोयना धरणं. मी गुणाकार पुन्हा केला. बरोबर होता. एकाच जागी, एवढं गोडं पाणी, काही न करता, आपोआप पडून! आणि इथे आम्ही एकेका घनमीटरसाठी समुद्र उकळतो आणि गाळतो.

उंचीही पाहिली. सुपिरियरचं पाणी समुद्रसपाटीपासून एकशे त्र्याऐंशी मीटरवर. मिशिगन आणि ह्युरॉन दोन्ही एकशे शहात्तरवर, कारण ती एका सामुद्रधुनीने जोडलेली आहेत, नावं दोन असली तरी पाण्याची पातळी एकच. ईरी एकशे चौऱ्याहत्तर. आणि ओंटारिओ एकदम पंचाहत्तर, मधे नायगारा. म्हणजे पाणी माझ्या मुलीच्या गावाहून निघून शेवटी माझ्या बहिणीच्या गावाशीच जातं. क्षणभर बरं वाटलं. पुढची ओळ वाचली. सुपिरियरमध्ये आलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी एकशे नव्वद वर्षं लागतात. ह्युरॉनमध्ये आणखी वीस-बावीस.

मी अ‍ॅटलास मिटला.

काचेवर टकटक झाली. इक्बालभाई, हातात चहाचे दोन कागदी कप. रत्नागिरीकडचे, दम्माममध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, त्यांची मोठी मुलगी सईच्याच वर्गात होती.

"काय नाशिककर, पेपर पोरीचा नि घाम तुम्हाला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. दुसरं कोणी समोर नव्हतं आणि मला कुठेतरी बोलायचं होतं. इक्बालभाईंनी आधी शिट्टी वाजवली, मग हसायला लागले. मला राग आला.

"रागावू नका वो," ते म्हणाले. "माझा बाप इकडे पहिल्यांदा आला ना, तेव्हा माझी आजी सोडायला तयार नव्हती. बापाने सांगितलं, आये, दम्माम म्हणजे मक्केच्या बाजूलाच. मग तिने स्वतःच्या हाताने पेटी भरली. गावभर सांगायची, माझा पोर अल्लाच्या घराशेजारी राहतो, त्याला काय होतंय."

"मक्का इथून बाराशे किलोमीटरच्या वर आहे."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. आजी मरेपर्यंत निर्धास्त झोपली."

"पण तुमच्या वडिलांना माहीत होतं."

"तेच तर," इक्बालभाई चहा फुंकत म्हणाले. "त्याने आईला फसवलं. तुमच्यात कोणी कोणाला फसवलं ते बघा आधी."

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. सईला ठाऊक होतं. जी मुलगी काल पेन्सिल न चुकता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेत होती, तिला चौदाशे किलोमीटर ठाऊक नसतील? मी करंगळी ठेवली तेव्हा ती समोरच बसली होती. काही बोलली नव्हती. म्हणजे अठरा वर्षांची माझी पोर मला गंडवून निघाली होती. चौदाशे किलोमीटर परवडले, हे नाही. मी गाडीत बसून ठरवलं : होकार कळवायचा नाही. पुणं बघू.

अकराला फाटक उघडलं. सई आली, मागच्या सीटवर दप्तर फेकलं, पुढे बसून पट्टा लावला. "खलास! मॅप पूर्ण बरोबर. यल्ला बाबा, चला, भूक लागलीय."

मी गाडी चालू केली नाही.

"सई, थंडर बे ते टोरोंटो किती?"

"फोर्टीन हंड्रेड," ती म्हणाली. लगेच. एका श्वासात. "का?"

"हे तू मला सांगितलं नाहीस."

तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याची मी तयारी केली नव्हती. चोरी पकडल्याचं काहीच नाही. नुसतं आश्चर्य.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही न मोजता कधी काही केलंय? तुम्ही करंगळी ठेवून आईला म्हणालात ना, एवढंच, तेव्हा मला वाटलं, तुम्ही आईसाठी करताय. तिने घाबरू नये म्हणून. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. आय वॉज सो हॅपी. मला वाटलं, बाबांना पूर्ण डिस्टन्स माहीत आहे आणि तरी ते मला सोडतायत." ती थांबली. माझ्याकडे नीट पाहिलं, तोंडाकडे, मग जरा खाली. "माहीत होतं ना?"

यंत्रांच्या कामात एक नियम असतो. चूक सापडली की त्याच क्षणी नोंद करायची. बावीस वर्षांत मी तो मोडला नव्हता.

"होतं," मी म्हणालो.

गाडी चालू केली. रस्त्यात धूळ होती, दिवे लावून जावं लागलं. घरी पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी वेगाच्या काट्याकडे. संध्याकाळी मीनाला म्हणालो, पाठव होकार. ती म्हणाली, "आता मोजलंत ना?" मी म्हणालो, "दोनदा." मग तिने आणखी काही विचारलं नाही. मात्र त्या उन्हाळ्यात तिने जितके लोकरीचे मोजे घेतले तितके दम्मामच्या दुकानांत असतील असं मला वाटलं नव्हतं.

तीन वर्षं झाली. वंदना तिला आजवर पाच वेळा भेटली आहे, पाचही वेळा विमानाने. पहिल्या हिवाळ्यात सईला ताप आला, तेव्हा माझ्या बहिणीला पोचायला पूर्ण एक दिवस लागला. तो दिवस मी इथे कसा काढला ते लिहीत नाही. मी खोटं बोललो त्याची ती किंमत, असं तेव्हा वाटलं होतं. ती बरी झाली. या वर्षी ती सरोवराच्या बर्फाची जाडी मोजायला जाते. तिच्या शिक्षकांनी तिला भोकं पाडायचं यंत्र आणि एक लांब पट्टी दिली आहे.

सना करंगळी ठेवून बसली होती त्या दुपारी आमचे तीन वाजले होते. तिकडे सकाळचे सात. सईचा फोन त्याच वेळी येतो. पडद्यावर ती टोपी-मफलरमधून नाकापुरती दिसत होती, मागे अजून अंधार. एकच घड्याळ धरलं तरी गाव एवढं पश्चिमेला आहे, की तिथे सूर्य उशिरा उगवतो. हेही मी आधी लक्षात घेतलं नव्हतं.

सनाने फोनपुढे नकाशा धरला. "दीदी, देखो, सब एक उंगली में!"

सई हसली. "बाबा, तिला सांगा ना."

तिने एवढंच म्हटलं आणि माझ्याच्याने राहवेना. सनासमोर, मीनासमोर, मी सांगून टाकलं. "सई, त्या दिवशी मी खोटं बोललो. मला माहीत नव्हतं. मी मोजलंच नव्हतं."

पडद्यावरची टोपी जरा हलली.

"आय नो, बाबा."

"काय माहीत होतं तुला?"

"तुमच्या शर्टाच्या खिशात पट्टी होती. सहा इंची, माझी. तिच्यावर पेन्सिलीचे ताजे डाग होते. आणि अ‍ॅटलास तुमच्या पायाशी. तुम्ही त्या तीन तासांत मोजलं होतं."

माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. मीना माझ्याकडे बघत होती, बहुतेक माझ्या रिकाम्या खिशाकडे.

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? आधी मला वाटत होतं, तुम्हाला माहीत असून सोडताय. ते चुकीचं निघालं. पण मग तुम्ही मोजून, सगळं माहीत होऊन, माझ्यासमोर हो म्हणालात आणि मला सोडलंत. म्हणजे ते खरंच झालं ना?" तिने मफलर खाली ओढला. "चला, मला निघायचंय. आज जाडी सत्तर सेंटिमीटरच्या वर असेल, लिहून ठेवा. उद्या सांगते."

फोन बंद झाला. सना करंगळी उचलून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. मी कपाटातून पट्टी काढली, तीच, आणि तिच्यापुढे ठेवली.

"बोटाने नको, बेटा," मी म्हणालो. "मोज."